आधी बघा, मग घासा

मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्या पत्नीने चहा मागितला. सव्वानऊला मी चहा घेऊन खोलीत गेलो, तेव्हा ती गेली होती.

चौदाव्या दिवशी तिची मैत्रीण आली. तशी ती आधीचे तेरा दिवसही येत होतीच, पण तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची, आणि मी बाहेरच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांसमोर बसलेला असायचो. आता माणसं पांगली होती, सतरंज्या परत गेल्या होत्या, मुलगी तिच्या घरी परतली होती. मी दार उघडलं. ती चप्पलही न काढता उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, जीभ दाखवा."

माणसाच्या चेहऱ्यावर काडीचाही विश्वास नसलेली आणि तरी माणसांवर इतका जीव टाकणारी बाई अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरी सापडणार नाही. तिच्या मते चेहरा माणूस लोकांसाठी घालतो. "चेहऱ्याक इस्त्री करूक येता, जिभेक नाय," असं ती म्हणे. एरवी ती तुमच्याआमच्यासारखं मुंबईचं मराठी बोलायची. पण एखादी गोष्ट मनापासून पटली किंवा मनापासून संताप आला, की तिच्या आईवडिलांची मालवणी बाहेर यायची. वडील गिरणीत होते. ती स्वतः महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाली, आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात तशी ती घाटकोपरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे दोन वर्षं शनिवार-रविवार चिनी वैद्यक शिकायला गेली. सुया टोचायला शिकायचं म्हणून गेली होती. परत आली ती जीभ घेऊन. सुईचं काय, ती कोणीही टोचेल, असं तिला वाटे; जीभ बघणं हे खरं काम. मुलुंड पूर्वेला आमच्या मागच्याच इमारतीत तळमजल्यावर तिने एक खोली घेतली, बाहेर पाटी लावली, आणि पाटीवर तिचं नाव काय आहे हे कोणीही वाचलं नाही, कारण सगळे तिला सिस्टर म्हणत. मीही सिस्टरच म्हणे. फक्त माझी पत्नी तिला अगंतुगं करायची.

माणसं तिच्या लक्षात राहायची ती जिभेने. भाजीवाल्यापाशी भेटलेल्या एखाद्या गृहस्थांचं नाव आठवेना, की ती हिला हळूच सांगायची, "अगं, ते नाही का, मधे चीर असलेले." लग्नाच्या पंगतीत ती श्रीखंडाच्या वेळी इकडेतिकडे बघत बसे, कारण तेव्हा लोक बोटं चाटतात. आमच्या सोसायटीतल्या रखवालदाराचा कुत्रा हा तिच्या मते सर्वांत प्रामाणिक पेशंट. न सांगता दाखवतो आणि दाखवण्यापूर्वी काही लपवत नाही. तिच्या खोलीत भिंतीवर जिभेचं एक मोठं चित्र होतं, तिने स्वतः काढलेलं. टोक हृदयाचं, दोन्ही कडा यकृताच्या, मध्य पोटाचा, मूळ मूत्रपिंडांचं, असे चिनी वैद्यांनी जिभेचे वाटे केलेले आहेत. हे काही केल्या कोणाच्या लक्षात राहीना, म्हणून तिने त्याच चित्रावर पेन्सिलीने मुलुंड वसवलं. मधली रेघ म्हणजे रेल्वे लाईन. एक कड म्हणजे पश्चिमेचा डोंगर, दुसरी कड म्हणजे पूर्वेची मिठागरं. मधोमध पोट, म्हणजे मार्केट. मग ती पेशंटला सांगे, "मार्केटमध्ये कचरा साठलाय. गाडी येत नाही उचलायला. काय खाताय रात्रीचं?" हे मात्र सगळ्यांना पटकन समजायचं. चीनचं शास्त्र मुलुंडच्या नकाशावर इतकं चपखल कसं बसलं याचं मला नेहमी कुतूहल वाटे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं काम केलं आहे. मी एकदोन पुस्तकं काढून तिचे वाटे ताडून पाहिले. सगळे बरोबर होते. फक्त मिठागरांचा उल्लेख कुठे नव्हता.

तिचं मोठं वैर होतं ते जिभलीशी. आपल्याकडे लहानपणापासून दात घासल्यावर तांब्याच्या नाहीतर स्टीलच्या जिभलीने जीभ खरवडून काढायची सवय. त्यातून कोणाकडे तपासायला जायचं म्हणजे आणखी चार हात जास्त. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतो, तसे लोक तिच्याकडे जिभा झाडून येत. आणि चिनी वैद्याला तर नेमका तो थरच बघायचा असतो. पातळ आहे की दाट, पांढरा आहे की पिवळा, कुठे साचलाय, कुठे सोलून निघालाय. गव्हाणपाड्याच्या एक निवृत्त शिक्षिका पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तिथे हिला न्यायला गेलो होतो, म्हणून तो संवाद मी कानांनी ऐकला आहे. बाईंनी जीभ बाहेर काढली. गुलाबी, लखलखीत, जागोजागी ओरखडे.

"घासलीत?"

"अर्थात! तुमच्याकडे घाणेरड्या जिभेने कशी येणार? दोनदा घासली."

"बाई, घरात चोरी झाली तर तुम्ही आधी फरशी पुसता आणि मग पोलिसांना बोलावता का?"

बाई रागावून उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला न घासता, तोंडावर पदर धरून, कोणाशीही न बोलता त्या तिच्या घरी हजर झाल्या. पुढे त्या तिच्या सर्वांत निष्ठावंत शिष्या झाल्या. जिभली टाकून द्या असं ती कधीच म्हणाली नाही. "आधी बघा, मग घासा," एवढंच तिचं म्हणणं. ते वाक्य तिने पुठ्ठ्यावर लिहून खोलीच्या दारावर लावलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते भांड्यांच्या साबणाबद्दल आहे असं वाटायचं.

ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नव्हता. ट्यूबच्या उजेडात सगळ्या जिभा म्हाताऱ्या दिसतात, म्हणून ती पेशंटला बाहेर ओट्यावर, उजेडात उभं करायची. जीभ दहा सेकंदच बाहेर ठेवायची. जास्त ताणली की रंग बदलतो. ती मोठ्याने दहा अंक मोजे, "मिटा" म्हणे, आणि पुन्हा मोजे. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एक आजी खिडकीत बसत. रोज दुपारी चारपासून समोर ओट्यावर एकेक चांगला घरंदाज माणूस येतो आणि आपल्याकडे बघून जीभ दाखवतो, हे त्यांनी आठवडाभर सोसलं आणि मग रीतसर लेखी तक्रार केली. तक्रार मिळाल्यावर सिस्टर वर गेली. अर्ध्या तासाने खाली आली ती आजींना हाताला धरून घेऊनच. दुसऱ्या दिवशी आजी ओट्यावर उभ्या राहून समोरच्या आपल्याच रिकाम्या खिडकीला जीभ दाखवत होत्या.

फोनवर पाठवलेले फोटो ती बघत नसे, कारण फोन रंगाबद्दल खोटं बोलतो. पण लोक पाठवायचेच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा पाण्यावरून खडाजंगी चालू होती. बी विंगवाल्यांनी सेक्रेटरींना स्पष्ट विचारलं होतं की तीन दिवस पाणी का नाही, याचं उत्तर आजच्या आज मिळालं पाहिजे. त्याच वेळी सेक्रेटरींनी तिला पाठवायचा फोटो चुकून ग्रुपवर टाकला. प्रश्नाच्या बरोबर खाली, पूर्ण स्क्रीनभर, सेक्रेटरींची जीभ. पाच मिनिटं कोणीही काही लिहिलं नाही. मग बी विंगमधून एकाने लिहिलं, "वा साहेब! झकास उत्तर." सेक्रेटरींनी राजीनामा दिला. तो तिने त्यांच्या घरी जाऊन परत घ्यायला लावला, आणि जाता जाता म्हणाली, "कडांवर दातांचे ठसे आहेत तुमच्या. झोपा जरा. पाण्याचं बी विंग बघून घेईल."

हे शास्त्र खरं की खोटं, ते मला आजही सांगता येणार नाही. ती स्वतःही फार दावे करत नसे. रुग्णालयात इतकी वर्षं काढलेली बाई. तिला कशाची मर्यादा कुठे आहे ते माहीत होतं. तोंडात एखादी जखम दोन आठवड्यांवर राहिली, गाठ हाताला लागली, वजन उतरलं, की ती सुया बाजूला ठेवून माणसाला हाताला धरून दवाखान्यात नेई. जीभ बघून मी रोग सांगत नाही, तुम्हाला तुमच्याकडे बघायला लावते, असं ती म्हणे. म्हणून तिच्याकडचं पहिलं औषध म्हणजे एक गोल आरसा, दुसरं दोनशे पानी वही आणि तिसरं रंगीत पेन्सिलींची छोटी पेटी. रोज सकाळी चहाच्या आधी, जिभलीच्या आधी, खिडकीशी उभं राहून जीभ बघायची आणि वहीत काढायची. खाली दोन ओळी. काल काय खाल्लं, झोप कशी झाली, आणि तिसरा प्रश्न, रात्री झोपताना भरायचा, जो तिने पानोपानी स्वतःच्या हाताने लिहून दिलेला असायचा: आज स्वतःसाठी काय केलं?

या तिसऱ्या प्रश्नावर बायका अडकत. हीच मला सांगायची. एक जण म्हणाली, पहाटे उठून मुलाचा डबा केला. "ते मुलासाठी. स्वतःसाठी?" सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं. "ते सासूबाईंसाठी. स्वतःसाठी?" त्यावर ती बाई म्हणाली, "सिस्टर, इथे आले ना." तेवढं तिने चालवून घेतलं. पुढे ती प्रत्येकीला काहीतरी करायला लावी. पायाचे तळवे चोळायला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दाबून धरायला, जेवण झाल्यावर शंभर पावलं चालायला, दुपारी वीस मिनिटं कोणाचीही हाक ऐकू न आल्यासारखं पडून राहायला. आणि एखाद्याचं पुरतं बस्तान बसलं, वहीतलं चित्र आणि तिला दिसलेली जीभ सारखी यायला लागली, की ती शेवटच्या पानावर रुग्णालयातल्यासारखं लिहायची, "डिस्चार्ज. आता तुमचं तुम्ही." आणि गावाहून आलेला एक नारळ हातात द्यायची. शेजारच्या फिजिओथेरपिस्टने तिला सांगून पाहिलं की असे पेशंट हाकलून देऊ नका, खोली बंद करावी लागेल. ती म्हणाली, "आठवड्यातून एकदा माझ्याकडे येतात. जिभेबरोबर रोज असतात. मग बघायचं कोणी?"

तिच्या चुकाही मोठ्या असत, आणि त्या ती लपवत नसे. सर्वांत गाजलेली चूक हिच्याच जिभेची. काही वर्षांपूर्वी ही पित्तासाठी दर गुरुवारी तिच्याकडे जायला लागली. सहा महिन्यांत बरं वाटलं, नारळाची वेळ आली, आणि नेमकी त्या गुरुवारी हिची जीभ पिवळीजर्द. सिस्टर घाबरली. तिने हिचं लोणचं, तळण, चहा सगळं बंद केलं, नवी वही दिली आणि पंधरा दिवस रोज येऊन बघितलं. ही पंधरा दिवस मुकाट्याने पेज जेवली. शेवटी हिनेच सांगितलं की त्या दिवशी येण्याआधी हळद घातलेलं दूध प्यायले होते. सिस्टरने त्याच दिवशी भिंतीवरच्या चित्राखाली लाल पेनने लिहिलं: हळद. मी गाढव. तेव्हापासून ती प्रत्येक पेशंटला जीभ काढण्याआधी विचारायची, हळद? जांभळं? पान? काला खट्टा? मी त्या प्रसंगावर खूप हसलो होतो. हसून पुन्हा पुस्तकात डोकं घातलं होतं.

तर चौदाव्या दिवशी ती दारात उभी होती आणि जीभ दाखवा म्हणत होती. मी दाखवली नाही. माझं वय अडुसष्ट. मी कधी कोणाला जीभ दाखवलेली नाही, लहानपणी भांडणातसुद्धा. पण तेरा दिवस लोक माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी त्यांना हवा तसा तो धरून ठेवत होतो; मला त्याचा थकवा आला होता. मी बाहेर पॅसेजच्या उजेडात आलो आणि जीभ काढली. तिने दहापर्यंत मोजलं.

"फिकी. वर साय आलीये. काय खाताय?"

"कालपासून बिस्किटं."

"आणि गोळ्या?"

"कुठल्या?"

इथे मालवणी बाहेर आली. "सोताच्या गोळयेचा नाव म्हायत नाय तुमका?"

मला खरंच माहीत नव्हतं. मला रक्तदाब आहे, हे माहीत होतं. ही रोज सकाळी एका छोट्या वाटीत गोळ्या काढून पुस्तकाशेजारी ठेवायची. वाटी आली की मी त्या घ्यायचो. चौदा दिवस वाटी आली नव्हती, आणि ती आली नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सिस्टर मला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा दोनदा दंडाला बांधला, आकडा मला सांगितला नाही, तिला सांगितला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, असं चालणार नाही." रिक्षाने ती मला घरी घेऊन आली. घरी पोचल्यावर म्हणाली, "ती गेली. तुम्हाला जायचं असेल तर तसं सांगा, म्हणजे मी उगाच येत नाही. राहायचं असेल तर आरसा आणते."

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. मग म्हणालो, "आणा."

दर गुरुवारी पाच वाजता ती यायला लागली. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडून गोळ्यांची नावं शाळेतल्यासारखी पाठ करून घेतली. कशासाठी, केव्हा, चुकली तर काय करायचं. दुसऱ्या गुरुवारी पेज. तांदळाला पाणी किती घालायचं हे विचारायला मी पुस्तक शोधू लागलो, तेव्हा तिने माझं बोट धरून पातेल्यात बुडवलं आणि म्हणाली, "एवढं. हे पान कुठल्याही पुस्तकात नाही." माझी चित्रं वाईट होती. पहिल्या दहाबारा पानांवरच्या जिभा तिला चपलांसारख्या वाटल्या. "डाव्या पायाची का उजव्या?" असं विचारून ती खाली रंग सुधारून द्यायची. तिसऱ्या प्रश्नापुढे मी रोज रेघ मारत असे. सहाव्या आठवड्यात मी तिथे लिहिलं, खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलं. ती म्हणाली, "ते तुळशीसाठी." पुढच्या आठवड्यात मी लिहिलं, गाजराची कोशिंबीर केली, मोहरी जळली, तरी खाल्ली. त्याखाली तिने बरोबरची खूण केली.

आणि मला सकाळी उठायला कारण मिळालं. माझी जीभ ही इतकी बदलती वस्तू आहे हे मला अडुसष्ट वर्षांत कळलं नव्हतं. झोप नाही झाली की टोक लाल. बाहेरचं खाल्लं की दुसऱ्या दिवशी मार्केटमध्ये कचरा. ज्या दिवशी हिची फार आठवण यायची, त्या दिवशी काही वेगळं दिसतं का, हेही मी बघत असे. काही दिसायचं नाही. मी तिला एकदा तसं विचारलं. ती म्हणाली, "चिनी लोकांच्या पुस्तकात असेल. मला नाही दिसलं कधी. माझा नवरा गेला तेव्हा मी पण शोधलं होतं." तिचा नवरा केव्हा गेला हे मला माहीत नव्हतं. ही तिच्याबद्दल मला सांगत असणार, आणि मी हं म्हणत असणार.

सहा महिने झाले. डॉक्टरांचं यंत्र समाधानी झालं. माझी चपलांची चित्रं जिभेसारखी दिसू लागली. एका गुरुवारी तिने दहापर्यंत मोजलं, वही बघितली, पुन्हा मोजलं, आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी शेवटचं. मग डिस्चार्ज. नारळ निवडून ठेवलाय."

तो आठवडा मला जड गेला. मला काय होतंय ते मला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. आठवड्यात एक दिवस कोणीतरी दारात येऊन माझ्याकडे नीट बघतं. त्यासाठी मी घर आवरतो, दाढी करतो, काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवतो. बाकीचे सहा दिवस त्या एका दिवसाच्या आधाराने जातात. नारळ मिळाला की तो दिवस जाणार. पुन्हा बिस्किटांवर येईन, अशी मला भीती वाटत होती.

गुरुवारी पावणेपाच वाजता मी स्वयंपाकघरात गेलो. हिचा हळदीचा डबा डाव्या कप्प्यात असतो. मी चिमूटभर हळद घेऊन बोटाने जिभेवर पसरली, थोडी मुळाशी जास्त, कडांना कमी, खऱ्यासारखी वाटावी म्हणून. आरशात पाहिलं. इतकं चांगलं चित्र मी वहीतही कधी काढलं नव्हतं. ठसका लागला तो कसाबसा गिळला. पाच वाजता घंटा वाजली.

ती मला पॅसेजच्या उजेडात घेऊन आली. इतक्या महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच तिने हळद-जांभळं-पान हा प्रश्न विचारला नाही. मी जीभ काढली. एक, दोन, तीन. तिसऱ्या अंकाला ती थांबली. तिने माझ्या उजव्या हाताचं बोट बघितलं. मग वही उघडून त्याच सकाळचं पान बघितलं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: पातळ, पांढरी, ठीक.

"मिटा," ती म्हणाली. आत आली, खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला पदराने डोळे पुसावे लागले. मी समोर उभा होतो, तोंडात कडू हळद घेऊन.

"डाव्या कप्प्यातला डबा ना?"

मी मान हलवली.

"भाऊजी, तिनेही हेच केलं होतं."

"तिने दूध प्यायलं होतं."

"कसलं दूध! ते मला तेव्हा सांगितलं. वर्षाने कबूल केलं, ओट्यावर बसून, माझ्या मांडीवर थापट्या मारत. मी डिस्चार्ज देणार होते ना. म्हणाली, 'गुरुवार गेला तर मी बोलू कुणाशी गं?' म्हणून लावली हळद. पंधरा दिवस पेज खाल्ली बयेने, पण सांगितलं नाही."

मी खाली बसलो. म्हणालो, "मी घरीच असायचो."

"होतात ना," ती म्हणाली. "पुस्तकात."

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. ती जीभ बघून रंग सांगायची, त्याच आवाजात तिने हे सांगितलं. मग म्हणाली, "तक्रार नव्हती तिची. उगाच मनाला लावून घेऊ नका. म्हणायची, 'त्यांना वाचताना बघायला मला आवडतं. पण बघून बघून किती बघणार?'"

पाणी आणायला म्हणून मी उठलो आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहिलो. हिचे गुरुवार मी इतकी वर्षं पित्ताचे समजत होतो. ही संध्याकाळी परत यायची, चेहरा उजळलेला असायचा, आणि मी पुस्तकावरून मान न उचलता विचारायचो, "बरं वाटतंय का?" ही म्हणायची, "हो, खूप."

मी पाणी घेऊन बाहेर आलो तेव्हा सिस्टरने पिशवीतून नारळ काढून टीपॉयवर ठेवला होता आणि माझ्या वहीचं शेवटचं पान उघडलं होतं.

"म्हणजे तरी डिस्चार्जच?" मी विचारलं.

"मग? तिलाही दिला होता. पंधरा दिवसांनी तिने दुधाचं सांगितलं, त्याच दिवशी दिला." तिने लिहून वही माझ्यापुढे सरकवली. "त्यानंतर ती दर गुरुवारी आली, पण मी तिची जीभ कधी बघितली नाही. माणसाला माझ्याकडे यायला आजारी पडावं लागत असेल, तर काय उपयोग माझा? चहा तर येतो ना तुम्हाला? मग पुढच्या गुरुवारी पाचला चहा करा. आलं घाला. हळद नको."

ती गेल्यावर मी हिचं कपाट उघडलं. साड्यांच्या खाली हिच्या जिभेच्या वह्या होत्या, एक भरलेली आणि एक पंधरा पानांची. हिची चित्रं सुरेख होती. भरलेल्या वहीत शेवटी शेवटी एका गुरुवारी जीभ पिवळ्या पेन्सिलीने रंगवलेली होती. हिने त्या दिवशीचं सकाळचं चित्रही आधीच पिवळं करून ठेवलं होतं. या कामात ही माझ्यापेक्षा फार हुशार. खालच्या तिसऱ्या प्रश्नापुढे हिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: केलं. सांगणार नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. मी रोज सकाळी खिडकीशी उभा राहतो, आधी बघतो, मग घासतो. गोळ्यांची नावं मला येतात. सिस्टर अजून ओट्यावर लोकांना उभं करून दहापर्यंत मोजते. माझी जीभ ती बघत नाही, पण चहाचा पहिला घोट घेताना माझ्याकडे बघते. मी तिला आठवडाभराचं सांगतो. मला अजून नीट जमत नाही, मध्येच थांबतो. ती थांबू देते. कधी ती हिच्याबद्दल काही सांगते, जे मला हिने सांगितलेलं असणार, आणि मी ते पहिल्यांदा ऐकतो.

घरात आता हिचा हळदीचा डबा आहे, खिडकीत आरसा आहे, कपाटात तीन वह्या आहेत. गुरुवारी पाच वाजता दोन कप चहा होतो. त्याआधी मी पुस्तक मिटून ठेवतो.